पीण्यातला हवाचोर

१

पीण्या औद्योगिक क्षेत्रात चोरीला काय जात नाही? तांब्याची वायर जाते, पितळेचा भुगा जातो, एकदा तर म्हणे एका कारखान्याचं अख्खं फाटक गेलं आणि वॉचमन दुसऱ्या दिवशीसुद्धा सवयीनं तिथं उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला 'गेटपास दाखवा' म्हणत होता. पण 'नरसिंग प्रिसिजन'मधून जे गेलं ते आजवर कुणी नेलं नव्हतं. तिथून हवा गेली.

हसू नका. ही हवा म्हणजे आपण नाकानं फुकट ओढतो ती नव्हे. कारखान्यातली हवा विकतची असते. कॉम्प्रेसर नावाचं धूड पोटभर वीज खातं, हवा दाबून दाबून टाकीत कोंबतं, आणि मग निळ्या नळांतून ती मशीनांपर्यंत जाते. तिच्या जोरावर मशीनं लोखंडाचा तुकडा दातात धरतात आणि सोडतात. असली हवा वाया घालवणं म्हणजे तूप गटारात ओतणं.

हे तूप कुठं सांडतंय ते हुडकायला सिद्धी मोघे आली होती. पोरगी पुण्याची, कामधंदा बेंगळुरूत, राहायला के. आर. पुरमला. तिथून पीण्यापर्यंत मेट्रोनं यायचं म्हणजे शहराच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडायचं. कारखान्यात वीज कुठं फुकट जळते ते शोधून अहवाल द्यायचा, हा तिचा उद्योग. तिच्याकडे एक पिस्तुलासारखं यंत्र होतं आणि त्याला जोडलेले हेडफोन. नळाला सुईएवढं भोक असलं तरी त्यातून निसटणाऱ्या हवेचा आवाज तिला ऐकू यायचा. कामगारांनी दुसऱ्याच दिवशी तिचं 'किवी मेडम' असं नाव ठेवलं. किवी म्हणजे कन्नडात कान.

माल घेणाऱ्या एका बड्या कंपनीनं अट घातली होती, आधी विजेचं ऑडिट करून घ्या, मग पुढची ऑर्डर. म्हणून मालकीणबाईंनी तिला बोलावलं. सुनंदाबाई साठी ओलांडलेल्या. घराणं इतक्या पिढ्यांपासून इथलं, की मराठी घरात आणि कन्नड दारात, आणि उंबऱ्यावर दोन्ही. नवरा नरसिंगराव गेल्यापासून कारखाना त्या एकट्या रेटत होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत आणि बिनकामाचा पंखा चालू ठेवायला घाबरत.

सिद्धीनं कॉम्प्रेसरला महिनाभर एक नोंद घेणारं यंत्र लावून ठेवलं होतं. त्याचा आलेख तिनं अक्कांच्या टेबलावर पसरला. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीनं बंद असतात, नळ भरलेले असतात, म्हणजे कॉम्प्रेसरनं त्या वेळी पाय पसरून घोरायला हवं. पण हा गडी रोज भर दुपारी धापा टाकत होता. कुणीतरी हवा वापरत होतं, आणि वापरणारं मशीन एकही चालू नव्हतं.

आदल्या आठवड्यात सिद्धीनं नळाचं एकेक गळकं तोंड साबणाच्या पाण्यानं शोधून बंद करवलं होतं. तरी दुपारची धाप कमी झाली नाही. मग तिनं सुट्टी सुरू होताच कारखान्यात जाणारा मोठा व्हॉल्व्हच फिरवून बंद केला. आता टाकीतून हवा बाहेर पडायला वाटच नव्हती.

थोड्याच वेळात टाकीवरचा काटा खाली सरकू लागला.

तिथं अक्कांचा पुतण्या अनिलकुमार उभा होता. तो कारखान्याचा मॅनेजर. तो हळूच म्हणाला, "म्हणजे हवा व्हॉल्व्हच्या अलीकडेच जाते. आणि अलीकडे एकच खोली आहे मॅडम. तिची किल्ली संताजीकडे."

२

संताजी कॉम्प्रेसरचा रखवालदार, डॉक्टर आणि सासू, तिन्ही. मिशा पांढऱ्या, आवाज खर्जातला. नरसिंगरावांच्या हाताखाली लागलेला जुना माणूस. आणि एक गोष्ट साऱ्या कारखान्याला ठाऊक होती: जेवणाच्या सुट्टीत तो खोलीत शिरतो आणि आतून कडी लावतो.

अनिलकुमारनं मनात खटला चालवून शिक्षाही ठरवून टाकली होती. संताजी चोरून नळ टाकून बाहेर कुणाला तरी हवा विकतो, त्याला घरी पाठवा. अक्कांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग सिद्धीला म्हणाल्या, "तू अहवालात लिहिशील ते मी मानीन. त्याचं नाव लिहिलंस तर तो शनिवारी जाईल."

सिद्धीला आजवर अहवालात ट्यूबलाइटी आणि मोटारी लिहायची सवय. माणूस लिहायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं दार वाजवलं. आतून आवाज आला, स्वल्प थांबा. मग काहीतरी सरकवल्याची खसफस, मग कडी. खोलीत कॉम्प्रेसर घुमत होता, आणि जिऱ्याचा नि हिरव्या मिरचीचा वास सुटला होता. कॉम्प्रेसरच्या खोलीत जिरं काय करतंय, हे सिद्धी मनात घोळवत होती, तेवढ्यात करंट गेला. कारखान्याचा जनरेटर घरघरून सुरू झाला, दिवे आले. पण जनरेटरला कॉम्प्रेसर झेपत नाही, तो जोडलेलाच नव्हता. त्यानं एक मोठा उसासा टाकला आणि गप्प झाला.

त्या शांततेत तिला पहिल्यांदा मागच्या मारुतीच्या देवळातली महामंगळारती नीट ऐकू आली. नगारा नि घंटा जोरात चालू होत्या. ऐकता ऐकता नगारा मंदावला. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत गेलं, घंटाही रेंगाळली, आणि शेवटचा ठोका तर असा पडला जणू कुणी झोपेत कूस बदलली. वाजवणाऱ्याचा हात भरून आला असेल, सिद्धीच्या मनात आलं. संताजीला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. रोज ऐकून त्याच्या कानांवर त्या आवाजाचे घट्टे पडले होते.

ती सरळ कॉम्प्रेसरच्या मागं गेली. मशीन थंड ठेवणाऱ्या पंख्याचा गरम वारा तिथून बाहेर पडतो. त्या वाऱ्यापुढं दोन पांढरी धोतरं ताणून बांधलेली, आणि त्यांच्यावर ओळीनं सांडगे.

"गंगव्वाचे," संताजी खाली बघत म्हणाला. गंगव्वा कँटीनची स्वयंपाकीण. "उन्हात घातले की कावळे नेतात, बाई. इथं एका दुपारीत कडक होतात. अक्कांना सांगू नका, खाद्यपदार्थ मशीनजवळ नको म्हणून फळा लावलाय त्यांनी."

कडीचं कोडं सुटलं. पण हवेचं नाही, कारण सांडगे वाळत होते ते पंख्याच्या वाऱ्यावर, टाकीतल्या हवेवर नव्हे. सिद्धीनं खोलीचा कोपरान् कोपरा पाहिला. टाकीतून निघणारा निळा नळ कारखान्याकडे जात होता. बुडातून एक गंजका नळ जमिनीत गेला होता. पाणी काढायचा जुना नळ असेल, असं संताजी म्हणाला, तो कधी वापरात नव्हता, पाणी तो रोज दुसऱ्या कॉकनं काढतो.

ती बाहेर आली तर अनिलकुमार तिचाच आलेख घेऊन उभा. त्यानं एका दिवसावर बोट ठेवलं. बाकी सगळ्या दुपारी रेष वर उडी मारत होती, त्या एका दुपारी मात्र सपाट झोपली होती.

"हा ग्रहणाचा दिवस," तो म्हणाला. "कारखाना चालू होता. सगळे हजर होते. फक्त एक माणूस रजेवर होता. आणि त्याच दिवशी हवा चोरीला गेली नाही."

३

पुरावा तिचाच होता आणि सणसणीत होता. सिद्धी परत संताजीकडे गेली. त्यानं रजा नाकारली नाही. पोरगी बाळंतपणाला आलेली, दिवस भरत आलेले. ग्रहणात पोटुशीला एकटं सोडत नाहीत, विळीसुरीला हात लावू देत नाहीत. बायको नाही, म्हणून तोच दिवसभर तिच्या उशाशी बसला. जावई हसला, तरी बसला.

"काम गेलं तर गेलं, बाई," तो म्हणाला. "पण चोर म्हणून फाटकाबाहेर पडलो तर अख्ख्या पीण्यात मला कुणी दारात उभं करणार नाही. नातवाच्या बारशाला लोक काय म्हणून येतील?"

सिद्धी फाटकाबाहेर आली, कारण कारखान्यात आता शोधायला काही उरलं नव्हतं. डाव्या हाताला जमनाबाईचं पंक्चरचं दुकान. हवा लागणारी शेजारीण म्हणजे ही एकच. बाई टायरवर पाय रोवून बसलेली, हातात पाना, केसांत अबोलीचा गजरा. सिद्धीनं आडवळणानं विचारायचा प्रयत्न केला, तो जमनाबाईनं तिथंच हाणून पाडला.

"हवा चोरली का, असं विचार की सरळ," ती म्हणाली. "ही बघ माझी स्वतःची टाकी. आणि चोरायची झाली तर चांगली चोरीन. त्या कारखान्याच्या हवेत पाणी असतं, मोटरसायकलला सर्दी होईल."

टाकी खरंच होती, आणि तिचा आवाज असा की खोटं बोलायला तिला कानात ओरडावं लागलं असतं. जाता जाता सिद्धीनं विचारलं, ग्रहणाच्या दिवशी दुकान उघडं होतं का.

उघडं होतं, जमनाबाई म्हणाली, पण दिवसभर माशी फिरकली नाही. तिचा अर्धा धंदा मारुतीवर चालतो. नवी गाडी घेतली की लोक देवळापुढं आणतात, चाकाखाली लिंबू चिरडतात, पुजारी प्राणेश हार घालतो, आणि मग मंडळी तिच्याकडे हवा बघायला येतात. त्या दिवशी ग्रहणाचे वेध सकाळपासून लागलेले. देवळाचं दार बंद, पूजा नाही, आरती नाही.

सिद्धी जागीच थांबली. अनिलकुमारनं सांगितलं होतं की त्या दिवशी फक्त एक जण गैरहजर होता. तो कारखान्यातली हजेरी मोजत होता. भिंतीपलीकडे आणखी एकजण रजेवर होता, मारुतीराय.

"नगारा कोण वाजवतं तिथं?" तिनं विचारलं.

"कोण वाजवणार? मशीन आहे. सगळ्या देवळांत असतं तसं."

मशीनचा हात कसा भरून येईल? करंट गेला की मोटारीवरचा नगारा खटकन थांबतो, अर्ध्या ठोक्यावर. हा तर म्हाताऱ्या माणसासारखा बसत बसत थांबला होता.

ती चपला काढून देवळात गेली. देऊळ कारखान्याच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभं. गर्भगृहाबाहेर एका लोखंडी चौकटीत नगारा, दोन बाजूंना लाकडी टिपऱ्यांचे हात, वर घंटा. सिद्धीनं चौकटीला प्रदक्षिणा घातली. प्राणेशला वाटलं, पोरगी भक्तिभावाची आहे.

ती वायर शोधत होती. वायर कुठंच नव्हती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अक्कांना एक गोष्ट विचारली, जी ऑडिटच्या कुठल्याच पुस्तकात नाही. मालकाचा फोटो सगळीकडे ऑफिसात असतो. नरसिंगरावांचा मात्र मागच्या, देवळाकडच्या भिंतीवर का?

अक्कांनी चष्मा काढला. ते रोज दुपारी तिथंच जाऊन उभे राहायचे, त्या म्हणाल्या. जेवण सोडून. आरती सुरू झाली की डोळे मिटून, भिंतीला कान लावून. त्यांनीच तिथं एक लाकडी फळी ठोकली होती, देवाचा फोटो लावीन म्हणायचे, कधी लावला नाही. ते गेल्यावर त्यांचाच लावला. रोज सकाळी हार मीच घालते.

"देवावर फार भक्ती होती त्यांची?"

"होती. त्यावरूनच आमचं वाजायचं." अक्का किंचित हसल्या. कारखाना नवा, कर्ज डोक्यावर, आणि हे उठून देवळाला पत्रे दे, फरशी दे. एकदा अक्कांनी त्यांना ठणकावून सांगितलं होतं की देवाला काय द्यायचं ते आपल्या खिशातून द्या, कारखान्यातला खिळासुद्धा भिंतीपलीकडे जाता कामा नये. "ऐकलं त्यांनी. पुन्हा कधी काही मागितलं नाही."

सिद्धी फक्त म्हणाली, दुपारी आरतीच्या वेळी सगळ्यांना त्या फोटोखाली बोलवा. संताजीला, अनिलकुमारला, गंगव्वालासुद्धा.

५

सगळे आले. गंगव्वा कमरेला पदर खोचून, सांडग्यांचं बिंग फुटणार या खात्रीनं. संताजी हात मागं बांधून. भिंतीपलीकडे नगारा सुरू झाला, घंटा घुमू लागल्या.

सिद्धीनं विचारलं, काय ऐकू येतंय? सगळे एकमेकांकडे बघू लागले. कुणाला काहीच ऐकू येत नव्हतं. गंगव्वा म्हणाली, जनरेटर बंद आहे वाटतं. इतका मोठा नगारा डोक्यावर बडवला जात होता, आणि तो पत्र्यावरच्या उन्हासारखा त्यांच्या रोजच्या दुपारीत मुरून गेला होता.

मग तिनं शांतपणे मांडलं. हवा जाते दुपारी, म्हणजे संताजी खोलीत असतो तेव्हा. पण आरतीही तेव्हाच असते. सकाळ-संध्याकाळच्या आरतीलाही जात असणार, तेव्हा मशीनं चालू असतात म्हणून दिसत नाही. ग्रहणाला हवा गेली नाही, संताजी नव्हता. पण देऊळही बंद होतं. इथवर दोघांवर सारखाच संशय. "पण काल करंट गेला तेव्हा संताजी माझ्यासमोर उभा होता. कॉम्प्रेसर थांबला आणि भिंतीपलीकडचा नगारा हळूहळू मेला. टाकीतली हवा संपत जाते तसा. वीज गेली तर मोटार एका झटक्यात थांबते. माणूस वाजवत असता तर त्याला आमच्या करंटशी काय घेणं?"

अनिलकुमार म्हणाला, बेसिकली हे सगळं तर्क आहे.

"सरी," सिद्धी म्हणाली, म्हणजे बरोबर. महिनाभरात तिला तेवढं कन्नड आलं होतं. "अक्का, फोटो काढता का?"

अक्कांनी स्वतःच्या हातांनी नवऱ्याचा फोटो उतरवला. मागची फळी संताजीनं उचकटली. भिंतीत एक खोबण होती, आणि तिच्यात जमिनीतून वर आलेला नळ. टाकीच्या बुडातला तोच गंजका नळ, फरशीखालून फिरून इथं निघाला होता. पण इथं तो ना गंजका होता ना निळा. त्याच्यावर तांबड्या कावेचे आणि पांढऱ्या चुन्याचे पट्टे ओढलेले होते, देवळाच्या भिंतीवर असतात तस्से, पलीकडे निघाल्यावर कुणाला वेगळा दिसू नये म्हणून. मधोमध पितळेचा कॉक.

सिद्धीनं तो फिरवला.

नगारा रेंगाळला, अडखळला आणि थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळ्यांना तो ऐकू आला, कारण आता तो वाजत नव्हता. गंगव्वानं छातीशी हात नेला.

थोड्या वेळानं भिंतीवर प्राणेशचं डोकं उगवलं. हातात आरतीचं तबक तसंच. त्यानं कन्नडात विचारलं, अण्णांची हवा कुणी बंद केली? मग अक्का दिसल्यावर बिचारा ओशाळला. त्याच्या वडिलांनी देवळाची किल्ली देताना सांगितलं होतं, त्या काळी करंटचा भरवसा नव्हता, ऐन आरतीला मोटारीचा नगारा बंद पडायचा. तेव्हा नरसिंगअण्णांनी हवेवर चालणारा करून दिला, करंट गेला तरी आरती पुरी होईल इतकी टाकीत असते म्हणून. त्याला वाटत होतं, अक्कांना ठाऊक आहे. हल्ली नगाऱ्याच्या दट्ट्यातून फुसफुस होते, आरतीला त्याच्या बाजूचा कॉक उघडला की संपेपर्यंत हवा वाहतच असते, पण देवाच्या देणगीबद्दल कशी तक्रार करायची म्हणून तो गप्प होता.

"रबराचं सील गेलंय," सिद्धी पुटपुटली. "म्हणून हल्ली एवढी जाते."

अक्का हातातल्या फोटोकडे बघत होत्या. फोटोतले नरसिंगराव नेहमीसारखेच हसत होते. पण आज त्या हसण्याचा अर्थ जरा वेगळाच लागत होता.

"भक्ती म्हणे," अक्का म्हणाल्या. "हा माणूस रोज भिंतीला कान लावून आपली चोरी नीट चाललीय ना ते बघत होता. आणि मी त्याला रोज हार घालत होते."

कुणाला हसावं की नाही कळेना. अक्कांनी अनिलकुमारकडे पाहिलं. तो संताजीसमोर जाऊन उभा राहिला आणि एवढंच म्हणाला की बारशाला मलाही बोलवा. संताजीनं मिशीतल्या मिशीत सांगितलं, बघू.

मग अक्कांनी सिद्धीला विचारलं, अहवालात काय लिहिणार?

सिद्धीनं ते तिथंच उभ्यानं ठरवलं. गळती एक, ठिकाण मागची भिंत, जबाबदार व्यक्ती कारखान्याचे संस्थापक. उपाय, नगाऱ्याला नवं सील. मग हवा पूर्वीसारखी चिमूटभरच लागेल. हवी तर लाइन बंदही करता येईल, देवळाला छोटी मोटार बसवून. आणि खाली एक ओळ, कॉम्प्रेसरच्या गरम वाऱ्याचा पुनर्वापर करावा असं सुचवायचं होतं, तो आधीच सुरू आहे, चवीला उत्तम. गंगव्वानं संताजीला कोपरखळी मारली.

"मोटार नको," अक्का म्हणाल्या. "सील बदल. आणि तिथं एक मीटर बसव, त्या हवेचे पैसे माझ्या खिशातून जातील. कारखान्यातून नाही. मी सांगितलेलं मीच पाळीन, त्यांनी नाही पाळलं तर."

मग त्यांनी हात पुढं करून तो पितळी कॉक फिरवला. पलीकडे एक ठोका पडला, मग दुसरा, आणि नगारा उठून उभा राहिला. अक्का भिंतीजवळ सरकल्या. क्षणभर वाटलं, कान लावतात की काय. पण त्यांनी सकाळचा हार काढून फोटो बाजूच्या एका खिळ्याला अडकवला, कॉक दिसेल असा. प्राणेशनं भिंतीवरून तबकातला हार पुढं केला.

"आज यांना हार नाही," अक्का म्हणाल्या. "चोराला एवढी तरी शिक्षा हवी."

दुसऱ्या दिवशी त्या फोटोवर दोन हार होते, असं संताजी सांगतो. गंगव्वा म्हणते, तीन होते, आणि एक अबोलीचा होता.